गणित सुटतं, ‘बघू’ सुटत नाही: असाधारण बुद्धी आणि अ‍ॅस्पर्जर

असाधारण हुशार मूल कसं असतं हे तुम्हाला सांगायला नको. तिसरीत बसून पाचवीच्या शिष्यवृत्तीची गणितं सोडवणारं, वर्गात कंटाळणारं, बाईंची चूक सगळ्यांदेखत काढणारं. बुद्ध्यंक १३० किंवा जास्त, म्हणजे शंभरात साधारण दोघं. आपल्याकडे या मुलांचं कौतुक जुनं आहे. पुण्यात ज्ञान प्रबोधिनी १९६२पासून त्यांच्यासाठी काम करते आहे. तेव्हा हा भाग सोडून देऊ.

अ‍ॅस्पर्जर म्हणजे ऑटिझमचंच एक रूप: भाषा आणि बुद्धी शाबूत, पण माणसांमधले न बोललेले इशारे कळायला जड, आणि ठरल्या गोष्टींचा, ठरावीक विषयांचा हट्ट. त्याचा इतिहासही चार ओळींत आटपतो. १९४४ साली व्हिएन्नात हान्स अ‍ॅस्पर्जर यांनी अशा मुलांचं वर्णन केलं. १९८१ साली ब्रिटनच्या लोर्ना विंग यांच्या लेखामुळे ते नाव रूढ झालं. २०१३ साली डीएसएम-५ने (मानसिक निदानांच्या अमेरिकन नियमावलीने) ते वेगळं निदान काढून ऑटिझम स्पेक्ट्रममध्ये घातलं, त्यामुळे आजच्या रिपोर्टवर तो शब्द सहसा दिसत नाही. मी तो वापरतेय, कारण पालक अजून तोच घेऊन येतात.

आणि येतात ते बहुतेक एकच प्रश्न घेऊन: ‘हा हुशार आहे, की याला अ‍ॅस्पर्जर आहे?’ जणू एक असलं की दुसरं कटाप. ऑटिझम कुठल्याही बुद्ध्यंकासोबत असू शकतो, १४०सोबतही. त्याहून वैताग येतो तो न्यूटन आणि आइन्स्टाइनला अ‍ॅस्पर्जर होता असं छातीठोक सांगणाऱ्या फॉरवर्डचा. गेलेल्या माणसाची तपासणी करता येत नाही, विषय संपला. आणि घरोघरचं ते पेटंट वाक्य, ‘आमच्याकडे सगळे हुशार असेच, याचे काकाही कुणात मिसळायचे नाहीत.’ काकांचीही कधी तपासणी झाली नाही, एवढंच त्यातून सिद्ध होतं.

छंदावरून काही ठरत नाही. लोकलचं वेळापत्रक नाहीतर सह्याद्रीतले झाडून सगळे किल्ले नुसतं हुशार मूल आणि ऑटिस्टिक मूल, दोघंही घडाघडा म्हणू शकतात. नजरेला नजर न देणं लाजाळू मुलातही दिसतं. मिक्सरच्या आवाजाने, शर्टाच्या टॅगने किंवा विसर्जनाच्या ढोल-ताशांनी अक्षरशः सैरभैर होणं, शाळेचा नेहमीचा रस्ता बदलला की दिवस कोसळणं, या गोष्टी ऑटिझमकडे बोट दाखवतात. त्या नोंदवून ठेवा.

खरा घोटाळा होतो तो एकटेपणावरून. मधल्या सुट्टीत दोन हुशार मुलं आपापली एकटी बसलेली आहेत, पहिला नुसता हुशार, दुसरा ऑटिस्टिकही. बाहेरून चित्र एकच, आतलं कारण वेगळं.

पहिल्याला वर्गातल्या गप्पा कळतात, पण त्यांत रस नाही. त्याच्या तोडीची मुलं भेटू द्या, एखादं ऑलिम्पियाडचं शिबिर, बुद्धिबळाचा क्लास. आधी थोडा बुजेल (वर्षानुवर्षं एकटं राहिलेलं मूल बुजतंच), पण लवकरच चिडवाचिडवी सुरू होईल, समोरचा कंटाळला की गडी विषय बदलेल, टोमणा आला की उलटा टोमणा मारेल. हे त्याला कुणी शिकवलेलं नसतं.

दुसऱ्यालाही शिबिर आवडेल. तो भरभरून बोलेल, मुलं ऐकतीलही. मग ती घड्याळाकडे बघतील, जेवायला निघतील, आणि हा मूळ संख्यांवर बोलतच राहील. ‘मी तुमच्या गटात येऊ?’ असं विचारल्यावर ‘बघू रे, नंतर सांगतो’ असं उत्तर आलं, तर हा संध्याकाळपर्यंत वाट बघेल. आपल्याकडे ‘नाही’ हा शब्द न वापरता नकार देतात. ‘या, लवकर आलात!’ म्हणत उशिराबद्दल झापतात. ‘चला, निघतो’ म्हटल्यावर पाहुणे दारात अर्धा तास उभे असतात. बाकीच्यांना हे सगळं नकळत समजतं. याला नाही.

इथे एक मेख आहे. ब्रिटिश अभ्यासक डेमियन मिल्टन, जे स्वतः ऑटिस्टिक आहेत, त्यांनी २०१२ साली मांडलं की ही अडचण दोन्ही बाजूंची असते: आपल्यालाही ऑटिस्टिक माणूस नीट वाचता येत नाही. त्याच शिबिरात दुसरं ऑटिस्टिक मूल भेटलं तर मस्त जमू शकतं. म्हणून ‘त्याला एक मित्र आहे, मग ऑटिझम कसा असेल?’ हा युक्तिवाद मला मुळीच मान्य नाही. मित्र आहे का यापेक्षा समोरच्याचं न बोललेलं त्याला कसं कळतं ते बघा.

कारण असाधारण बुद्धी आणि ऑटिझम दोन्ही एकत्र असतील तर मूल बुद्धीने वाट काढतं. वाचून, निरीक्षणातून ते नियम बनवतं: ‘बघू’ म्हणजे ‘नाही’. बहुतेक वेळा नियम चालतो. मग एक दिवस मामा खरंच बघून सांगणार असतो, आणि हा रुसून बसतो. इतरांना जे श्वासासारखं येतं ते हा दिवसभर डोक्यात हिशेब करून निभावतो. शाळा म्हणते, ‘काही प्रॉब्लेम नाही, मार्क उत्तम आहेत.’ घरी आल्यावर दप्तर भिरकावलं जातं, नाहीतर दोन तास कुणाशी शब्द नाही. मुलींमध्ये हे झाकणं अधिक सफाईचं असतं. त्यांचं निदान अनेकदा उशिरा होतं किंवा होतच नाही. आणि ‘एवढा हुशार, मग साधी गोष्ट कळत नाही?’ हे वाक्य या मुलांइतकं क्वचितच कुणी ऐकलं असेल.

तपासणीला जाल तेव्हा: बिने-कामत किंवा मलिन चाचणी बुद्धी मोजते. बुद्ध्यंक १३५ आला म्हणून ऑटिझम नाही असं कुणी सांगितलं, तर दुसरीकडे जा. ऑटिझमसाठी वेगळी तपासणी लागते, त्यात मुलाचं निरीक्षण आणि लहानपणापासूनची तुमची माहिती दोन्ही लागतात. रिपोर्टमध्ये एकूण बुद्ध्यंकावर थांबू नका, प्रत्येक उपचाचणीचे गुण मागून घ्या. शब्दज्ञान आकाशात आणि कामाचा वेग जमिनीवर असेल, तर सरासरी आकडा दोन्ही लपवतो. शिक्का बसेल म्हणून टाळणाऱ्यांसाठी: २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत ऑटिझम आहे, आणि प्रमाणपत्र असेल तर बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळेसारख्या सवलती मागता येतात. नुसत्या हुशारीवर त्या मिळत नाहीत.