सातबारा ‘किती’ सांगतो, ‘कुठं’ सांगत नाही

नानांनी आखाड्यावरच्या (म्हणजे रानातल्या घरावरच्या) बाजेवर सातबारा पसरला, चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि एका आकड्यावर बोट ठेवलं. १.१६.००.

“आपलं वावर तीन एकर. तीन एकराचे एक हेक्टर एकवीस आर होतात, येवढं मला कळतंय. मग हितं सोळाच कसे? पाच आर गेले कुठं?”

बोलताना त्यांची नजर धुऱ्यापलीकडं, शेजाऱ्याच्या तुरीवर होती. (आमच्या परभणीकडं बांधाला धुरा म्हणतात.) नाना माझे सख्खे चुलते. त्या नजरेचा अर्थ मला लहानपणापासून पाठ आहे.

पाच आर कुठंच गेले नव्हते. खालच्याच ओळीत ‘पोटखराब’ या शब्दासमोर ०.०५.०० असं लिहिलेलं होतं. दोन्ही मिळून १.२१. पोटखराब म्हणजे तुमच्याच नंबरातली, पण पेरता न येणारी जमीन. तिचे दोन वर्ग असतात. खडक, मुरमाड उतार, शेतकऱ्याचं स्वतःचं खळं किंवा गोठा ही ‘अ’ वर्गातली. ती पुढं-मागं कष्ट करून लागवडीखाली आणता येते. गावाची वाट, स्मशान, इतर लोक पाणी घेतात तो ओढा ही ‘ब’ वर्गातली, म्हणजे सार्वजनिक वापरासाठी राखलेली. नानांच्या वावराच्या उत्तर अंगाला एक वगळ, म्हणजे लहान ओढा, आहे. आठ महिने कोरडी असते आणि पावसाळ्यात बैलजोडी ओढून नेईल इतकी चढते. ते पाच आर तिचे.

आता ते दोन टिंब. १.१६.०० ही दशांशातली संख्या नाही. पहिला आकडा हेक्टरचा, दुसरा आरचा, तिसरा चौरस मीटरचा. एक आर म्हणजे १०० चौरस मीटर आणि १०० आरांचा एक हेक्टर. गुंठा मात्र १०१.१७ चौरस मीटरचा असतो. म्हणून तीन एकराचे गुंठे १२० भरतात आणि आर १२१ च्या वर जातात. बोलण्यात आपण आर आणि गुंठा एकच धरतो. एका गुंठ्यात फरक सतरंजीएवढा पडतो, तीन एकरांत तोच दीड गुंठ्याच्या घरात जातो, आणि तेवढ्यावरून भावकीत बोलणं बंद झालेली घरं मी पाहिली आहेत.

गुंठ्याचा हा विचित्र आकडा आला कुठून? साखळीतून. आपल्याकडच्या जुन्या मोजणीची साखळी ३३ फुटांची होती. एक साखळी लांब, एक साखळी रुंद चौकोन म्हणजे १,०८९ चौरस फूट, आणि तोच गुंठा. असे ४० गुंठे केले की ४३,५६० चौरस फुटांचा एकर होतो. म्हणजे गुंठा हे मुळात एका अवजाराचं माप आहे. त्या साखळीचे सोळा भाग पाडलेले असत आणि प्रत्येक भागाला ‘आणा’ म्हणत. एक आणा म्हणजे दोन फूट पाऊण इंच. रुपयाचे सोळा आणे, साखळीचे सोळा आणे. वडिलोपार्जित जमिनीतला वाटाही ‘चार आणे’, ‘आठ आणे’ असाच लिहिला जाई. पिकाचा अंदाजसुद्धा आण्यांतच निघे, ती आणेवारी. आता तिची पैसेवारी झाली आहे आणि ती ५० पैशांच्या आत आली की दुष्काळी सवलतींचं बोलणं सुरू होतं. लांबी, मालकी आणि पीक, तिन्हींना एकच शब्द! जुन्या कागदावर ‘आणे’ दिसले की आधी विचारावं, कशाचे आणे?

सातबारा हा एक कागद दिसतो, पण ते दोन नमुने आहेत. गाव नमुना सात हा हक्काचा, बारा हा पिकाचा. एकाच माणसाच्या गावातल्या सगळ्या जमिनी एकत्र दाखवतो तो आठ-अ, आणि खरेदी, वारसा, वाटणी यांनी नावं बदलली की त्याची नोंद नमुना सहात, म्हणजे फेरफारात होते. ‘भोगवटादार वर्ग २’ असं दिसलं तर ती जमीन परवानगीशिवाय विकता येत नाही, एवढं ध्यानात ठेवलं तरी फसवणूक टळते. मराठवाड्यात निजामाच्या काळातल्या इनामी जमिनी बऱ्याच, म्हणून मदतमाश आणि खिदमतमाश हे शब्द इथल्या जुन्या कागदांत सारखे भेटतात. पहिली कुणाच्या निर्वाहासाठी दिलेली, दुसरी देवळाच्या किंवा दर्ग्याच्या सेवेसाठी.

पण या सगळ्या कागदांत एक गोष्ट नाही. आपलं वावर जमिनीवर नेमकं कुठं सुरू होतं आणि कुठं संपतं, हे सातबारा सांगत नाही. त्यात क्षेत्र आहे, नाव आहे, गट नंबर आहे, हद्द नाही. नाना सातबारा हातात धरून धुऱ्याकडं बघत होते, तिथंच गफलत होती.

‘कुठं’ हे भूमी अभिलेख कार्यालयात असतं. तिथं टिपण नावाचा कागद मिळतो. जुन्या मोजणीदारानं वावराच्या एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत एक सरळ मधली रेघ धरली. तिच्यावरून चालत जाताना प्रत्येक वळणाच्या समोर काटकोन साधून धुऱ्यापर्यंतचं अंतर साखळीनं मोजलं. ही सगळी अंतरं टिपणात आकड्यांत लिहिलेली असतात. वेड्यावाकड्या वावराचे असे काटकोन त्रिकोण आणि समलंब चौकोन पडले की शाळेतलंच गणित उरतं, पाया गुणिले उंची भागिले दोन. तो हिशेब गुणाकार बुकात, आणि त्यातून ठरलेलं क्षेत्र व आकार (म्हणजे शेतसारा) आकारबंदात. मराठवाड्यात यांच्या जोडीला हैदराबाद संस्थानच्या वारशाचे कागद येतात. नंबरवार क्षेत्र सांगणारं सेतवार असतं, आणि १९५४-५५ चं खासरा पत्रक असतं, ज्यात त्या वेळी जमीन कोण कसत होतं ते दिसतं. घरात जुनी ट्रंक असेल तर उघडून बघा.

गाव नकाशा दिसायला टिपणापेक्षा देखणा असतो, पण त्याच्यावर पट्टी ठेवून धुरा शोधू नये. समजा नकाशा ‘आठ इंचाला एक मैल’ या प्रमाणाचा आहे. म्हणजे कागदावरचं एक जमिनीवर ७,९२० पट होतं. पेन्सिलीची अर्ध्या मिलिमीटरची रेघ जमिनीवर जवळपास चार मीटर रुंद पडते. भांडण दोन फुटांचं असतं आणि रेघेतच बैलगाडी वळते.

नानांच्या नातवानं, म्हणजे माझ्या पुतण्यानं, यावर मोबाइलचा उपाय काढला. ॲप चालू करून तो वावराच्या कडेनं फिरून आला. “आजोबा, एक हेक्टर वीस आर. बरोबर हाय की!” नाना खूश झाले. पण इथंही तीच गफलत. मोबाइल उपग्रहांचे संकेत किती वेळात पोचले यावरून आपली जागा काढतो, आणि वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरातून येताना त्या संकेतांना किंचित उशीर होतो. उघड्या रानातही चूक तीन-पाच मीटरची सहज पडते. आता चारही कोपरे साधारण एकाच दिशेला तीन मीटर सरकले तर काय होईल? आकृती तशीच राहील, क्षेत्रही जवळजवळ तेवढंच येईल, फक्त अख्खं वावर तीन मीटर शेजाऱ्याकडं जाईल. किती बरोबर, कुठं चूक.

मोजणीसाठी रोव्हर वापरतात ते यासाठीच. काठीच्या टोकाला बसवलेला तो पांढरा ग्राहक एकटा काम करत नाही. एक संदर्भ केंद्र कायम एका जागी उभं असतं आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश आधीच काटेकोर ठरलेले असतात. उपग्रह त्या केंद्राला ‘तू अमुक ठिकाणी आहेस’ असं सांगतात, केंद्राला खरी जागा ठाऊक असते, त्यामुळं त्या क्षणी चूक किती आणि कोणत्या दिशेला हे त्याला कळतं. ती दुरुस्ती इंटरनेटवरून रोव्हरकडं येते आणि मीटरांची चूक काही सेंटिमीटरांवर उतरते. दाट आंब्याखाली मात्र रोव्हरही चाचपडतो. तिथं टोटल स्टेशन लावतात, ते प्रकाशाच्या किरणानं अंतर आणि कोन मोजतं.

एक शंका आमच्याकडं हमखास निघते. जिंतूरच्या बाजूला रानं चढउताराची, मग उतारावर जमीन जास्त भरत नाही का? भरते, पण कागदावर येत नाही. मोजणी नेहमी आडव्या पातळीतली, जणू वरून सावली पडली तेवढीच. दहा अंशांच्या उतारावर १०० मीटर चाललात तर हिशेबात ९८.५ मीटर धरतात. पाऊसही वरून त्या सावलीएवढ्याच जागेवर पडतो, त्यामुळं मला तरी यात अन्याय वाटत नाही. नानांना वाटतो.

पावसाचा हिशेब याच आडव्या क्षेत्रावर बसतो. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १०,००० लिटर पाणी. दमदार ५० मिलिमीटर झाला की ५ लाख लिटर. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची पहिली रेल्वे आली, तिच्या दहा वाघिणींत मिळून साधारण तेवढंच पाणी होतं. म्हणजे एका रात्रीचा पाऊस हेक्टरभर रानावर एक अख्खी जलगाडी ओतून जातो. ते पाणी धुरा ओळखत नाही, ते उतार ओळखतं. ज्या सगळ्या रानाचं पाणी उतरून एकाच ओढ्याच्या तोंडाला येतं, ते त्या ओढ्याचं पाणलोट क्षेत्र. त्याची हद्द माथ्यामाथ्यानं जाते, गट नंबरानं नाही. खाली बसाल्टचा काळा कातळ. त्याच्या भेगांत आणि वरच्या झिजलेल्या मुरमात मुरेल तेवढंच भूजल, बाकीचं वगळीनं पूर्णेला.

धरणांच्या बातम्यांतला एक शब्द इथंच सांगून टाकतो, मृतसाठा. जायकवाडी ‘शून्य टक्क्यांवर’ म्हणतात तेव्हा धरण कोरडं नसतं. टक्केवारी सुमारे २,१७१ दशलक्ष घनमीटर उपयुक्त साठ्यावर काढतात. त्याच्या खाली दारांतून निघू न शकणारं सुमारे ७३८ दशलक्ष घनमीटर पाणी असतंच.

तर नानांनी शेवटी ‘हद्द कायम’ मोजणीचा अर्ज केला. वाटणीसाठी करतात ती पोटहिस्सा मोजणी, ही वेगळी. लगतच्या शेतकऱ्यांना नोटिसा गेल्या आणि ठरल्या दिवशी भूकरमापक आले. पूर्वेचा दगड तिरका झालेला निघाला. नाना लगेच शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरकडं बघायला लागले. ट्रॅक्टर असेलही, पण काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हातभर भेगा टाकते. दरसालच्या त्या चढउतारात विजेचे खांब कलतात, तिथं हद्दीचा दगड तो काय?

टिपणावरून काढलेला चौथा, उत्तरेचा कोपरा शोधत रोव्हरची काठी वगळीत उतरली. आम्ही काठावर उभे. बीप झाला तेव्हा काठी प्रवाहाच्या मधोमध, गोट्यांत होती. जुनी मोजणी झाली तेव्हा वगळ पलीकडून वाहत होती, मधल्या काळात ती आपल्या अंगाला सरकली. तिथं दगड रोवून उपयोग नव्हता, पहिल्याच पुरात गेला असता. म्हणून खूण काठावरच्या बाभळीजवळ पक्की केली आणि अंतर मोजलं, ४.३० मीटर.

संध्याकाळी आखाड्यावर गेलो तर दाराच्या फळीवर गेरूनं मोठ्ठं लिहिलेलं होतं, ‘बाभळीपासून ४.३०’. खाली शेजाऱ्याची सही घेतलेली.