बॅटरी ठणठणीत, तरी सेल्फ लागेना

अमेरिकेच्या उत्तरेकडच्या राज्यांत एप्रिलमध्ये गवत जोर धरू लागलं, की हिवाळाभर गॅरेजमध्ये उभे असलेले मोवर, म्हणजे गवत कापायची यंत्रं, बाहेर निघतात. न्यू जर्सी, मिशिगनकडच्या मराठी मंडळींकडेही आवार मोठं असेल तर बसून चालवायचा मोवर असतो. किल्ली फिरवली, एकदाच ‘टक्‌’ वाजलं आणि पुढे सामसूम, की मल्टिमीटर निघतो. बॅटरीवर 12.6 व्होल्ट दिसतात. मग निदान होतं की बॅटरी उत्तम आहे, सेल्फची मोटर जळली. नवी मोटर मागवतात, बसवतात आणि पुन्हा तेच ‘टक्‌’!

मोजमाप खरं असतं, पण ते चुकीच्या वेळी घेतलेलं असतं. मल्टिमीटर स्वतः जेमतेम मायक्रोअँपिअरच्या घरातला प्रवाह ओढतो. छोट्या मोवरच्या सेल्फला मात्र इंजिन फिरवताना साधारण 100 अँपिअर लागतात, पहिल्या क्षणी त्याहूनही बरेच जास्त. गच्चीवरची टाकी भरलेली आहे एवढ्यावरून खालच्या नळाचा पाइप गाळाने तुंबलेला नाही असं ठरत नाही. तोटी उघडल्यावरच ते कळतं.

आता शाळेतला ओहमचा नियम घ्या. बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरट-हिरवी पूड साचली आणि त्या जोडाचा रोध फक्त 0.03 ओहम वाढला असं धरू. सेल्फ मारल्यावर 100 अँपिअर गुणिले 0.03, म्हणजे 3 व्होल्ट त्या एका जोडातच खर्च होतात. शिवाय 300 वॅट उष्णता तिथेच तयार होते, म्हणून दोन-तीनदा सेल्फ मारल्यावर खराब जोड हाताला गरम लागतो. रोध थेट मोजायला जाल तर फसाल, कारण साध्या मल्टिमीटरच्या वायरींचाच रोध 0.2 ओहमच्या आसपास असतो. दोषी जोड त्या आकड्यात बुडून जातो.

यापुढचा भाग मला फार आवडतो. मोटर फिरू लागली की तिच्या गुंडाळ्या चुंबकीय क्षेत्रातून जातात आणि ती स्वतःच जनित्रासारखा उलटा विद्युतदाब (व्होल्टेज) निर्माण करते. याला बॅक ईएमएफ म्हणतात. वेग वाढतो तसा हा उलटा दाब वाढतो आणि प्रवाह कमी होतो. मोटर थांबलेली असताना तो शून्य असतो, त्यामुळे प्रवाहाला अडवायला फक्त तारांचा रोध उरतो. इंजिनाचा पिस्टन हवा दाबायला वर येतो तिथे सर्वात जास्त जोर लागतो, आणि मोटरचा जोर तर प्रवाहावर अवलंबून. खराब जोडामुळे प्रवाह पुरेसा वाढू शकत नाही, मोटर नेमकी त्या टप्प्यावर अडते, उलटा दाब तयारच होत नाही आणि जो काही प्रवाह आहे तो सगळा उष्णतेत जातो. म्हणूनच एका वेळी पाच-सात सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नये.

आणि ‘टक्‌’चं काय? किल्ली मोटरला थेट वीज देत नाही. ती सॉलेनॉइडच्या, म्हणजे चुंबकाने चालणाऱ्या जाड स्विचच्या, कॉइलला थोडे अँपिअर देते, आतला दांडा खेचला जातो आणि तांब्याची चकती दोन जाड बोल्टांना जोडते. एकदाच ‘टक्‌’ होऊन शांतता असेल, तर चकती जळालेली असू शकते किंवा जाड वायरीचा जोड गेलेला. ‘टकटकटक’ असा तडतडाट असेल तर बहुधा बॅटरीच बसलेली: दांडा खेचला, मोटरने प्रवाह ओढला, दाब पडला, दांडा सुटला, दाब पुन्हा वाढला, की दांडा पुन्हा खेचला.

तपासणी सोपी आहे. पाती बंद, प्लगची टोपी काढून इंजिनाला अर्थ केलेली, आणि किल्ली फिरवायला सीटवर दुसरा माणूस. मीटरचं एक टोक बॅटरीच्या प्लस खांबावर लावा. क्लॅम्पवर नको, खुद्द खांबावरच, कारण दोष बऱ्याचदा या दोघांच्या मध्येच असतो. दुसरं टोक मोटरच्या बोल्टवर. सेल्फ मारताना आकडा अर्ध्या व्होल्टच्या आत यायला हवा. मग मायनस खांब आणि इंजिनाचा उघडा धातू यांच्यामध्ये तेच करा. ही अर्थची बाजू लोक विसरतात, आणि चासीवरच्या गंजक्या बोल्टमध्ये दोन व्होल्ट सहज गडप होतात. शेवटी बॅटरीच्या दोन खांबांवर मीटर लावून सेल्फ मारा. दाब 9.6 च्या खाली गेला, तर पूर्ण चार्ज करून पुन्हा पाहा. तरीही गेला तर बॅटरी संपली.

बॅटरी संपते ती बहुतेक वेळा सल्फेटमुळे. डिस्चार्ज होताना दोन्ही प्लेटांवर लेड सल्फेटचे बारीक स्फटिक बसतात. लगेच चार्ज केलं तर ते विरघळतात. महिनोन्‌महिने तसेच राहिले तर मोठे होत जातात आणि मग चार्जरला दाद देत नाहीत. यावर ‘संजीवनी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पुड्यांपासून लांब राहा. अमेरिकेत एडी-एक्स2 नावाची अशीच पूड होती, मुख्यतः सोडियम आणि मॅग्नेशियम सल्फेटची. नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्‌स या सरकारी संस्थेने चाचण्या करून ती निरुपयोगी ठरवली, तर 1953 मध्ये संस्थेचे संचालक ॲलन ॲस्टिन यांनाच राजीनामा द्यायला सांगितलं गेलं! शास्त्रज्ञांनी उठाव केला तेव्हा त्यांना पद परत मिळालं.

जोड साफ करायला खाण्याचा सोडा घातलेलं पाणी, तारेचा ब्रश आणि नंतर व्हॅसलीनचा पातळ थर पुरेसा आहे. कोकणात पावसाळाभर उभ्या राहिलेल्या स्कूटरलाही हेच लागू पडतं. थंड प्रदेशात बॅटरी पूर्ण चार्ज करूनच ठेवा: पूर्ण उतरलेल्या बॅटरीतलं पाणी उणे 7 अंशांच्या आसपास गोठून केस फोडतं, पूर्ण चार्ज असेल तर उणे 50 लाही गोठत नाही. काढताना मायनसची वायर आधी काढा आणि लावताना ती शेवटी लावा, म्हणजे पाना चुकून चासीला टेकला तरी ठिणगी पडत नाही.