स्प्लॅश माउंटन

डिस्नी उद्यानांतील ओंडक्याच्या नावेची एक प्रसिद्ध राइड. कॅलिफोर्नियातील अनाहाइम येथील डिस्नीलँडमध्ये ती जुलै १९८९ मध्ये सुरू झाली. ऑक्टोबर १९९२ मध्ये फ्लोरिडातील मॅजिक किंगडम आणि टोकियो डिस्नीलँड येथे तिच्या आवृत्त्या उभ्या राहिल्या. अमेरिकेतील दोन्ही राइड २०२३ मध्ये बंद झाल्या आणि २०२४ मध्ये ‘टियानाज बायू अ‍ॅडव्हेंचर’ या नावाने, नवी कथा आणि नवी पात्रे घेऊन पुन्हा उघडल्या. या बदलावरून चाहत्यांमध्ये जो वाद झाला तो थीम पार्कच्या इतिहासातील सर्वांत कडवट वादांपैकी एक मानला जातो.

राइडचे स्वरूप : पोखरलेल्या ओंडक्यासारखी दिसणारी नाव कृत्रिम डोंगराच्या पोटातील कालव्यातून संथ वाहत जाई. घराला कंटाळून साहस शोधायला निघालेला ब्रेर रॅबिट हा ससा, त्याच्या मागावरचा ब्रेर फॉक्स हा कोल्हा आणि कोल्ह्यामागे फरफटत जाणारा मठ्ठ ब्रेर बेअर यांची गोष्ट दोन्ही काठांवरचे यांत्रिक पुतळे सांगत. मधूनच एखादी छोटी घसरण, अंगावर थोडे शिंतोडे. शेवटी ससा पकडला जाई, गाणी थांबत, उजेड कमी होई आणि नाव एका उभ्या चढाला लागे. चढाच्या तोंडाशी दोन गिधाडे वाकून बसलेली असत. ती नावेतल्या लोकांनाच टोमणे मारत. त्यांच्यामागून दिसणारा बाहेरचा चौकोनी उजेड म्हणजे सुमारे ५० फुटांच्या कड्याचे तोंड. कड्यावर कॅमेरा असे आणि उतरल्यावर स्वतःचा किंचाळतानाचा फोटो विकत घेता येई.

हा कडा नुसता पोटात गोळा आणण्यासाठी नव्हता, आणि चाहत्यांच्या बाजूचा सर्वांत वजनदार मुद्दा नेमका इथे आहे. गोष्टीत ससा कोल्ह्याच्या पाया पडून म्हणतो, की भाजून खा, फासावर लटकव, पण त्या काटेरी झुडपात तेवढे फेकू नकोस. कोल्हा त्याला तिथेच फेकतो. ससा तर काट्याकुट्यातच जन्मलेला. तो हसत सुटून जातो. राइडमध्ये कड्याच्या पायथ्याशी तेच काटेरी झुडूप होते. म्हणजे प्रवाशाचे कोसळणे हीच सशाची सुटका. भीती, युक्ती आणि सुटका अशा तिन्ही गोष्टी एका उडीत बसवणाऱ्या राइड फार थोड्या आहेत. पंचतंत्रातल्या सिंहाला विहिरीत उडी घ्यायला लावणाऱ्या सशावर वाढलेल्या वाचकाला ही अक्कल ओळखीची वाटेल.

घडण : कल्पना टोनी बॅक्स्टर या डिस्नी रचनाकारांची. १९८३ मध्ये कामावर जाताना वाहतूककोंडीत अडकले असताना ती सुचल्याचे सांगितले जाते. त्यांच्यापुढे तीन अडचणी होत्या: उद्यानाचा बेअर कंट्री हा कोपरा ओस पडत होता, पाण्याच्या राइडची मागणी होती, आणि १९७४ पासून चाललेल्या ‘अमेरिका सिंग्ज’ या कार्यक्रमातल्या गाणाऱ्या प्राण्यांच्या पुतळ्यांचे काय करायचे हा प्रश्न होता. तिन्हींचे उत्तर एकच निघाले. तो कार्यक्रम १९८८ मध्ये बंद करून त्यातले बरेचसे प्राणी उचलून डोंगरात बसवले गेले. कॅलिफोर्नियातल्या ज्या शेवटच्या दृश्यासाठी पुढे लोक हळहळले, त्यातला गाणारा ताफा असा सेकंडहँड होता. नावही मूळचे नाही. आधी ठरलेले नाव ‘झिप-अ-डी रिव्हर रन’. १९८४ च्या ‘स्प्लॅश’ या चित्रपटाची जाहिरात व्हावी म्हणून कंपनीचे प्रमुख मायकेल आयझनर यांनी ते बदलायला लावले. त्या चित्रपटात जलपरी आहे. डोंगरात ती कुठेच नव्हती.

वादाचे मूळ : कथा आणि गाणी घेतली होती ‘साँग ऑफ द साउथ’ (१९४६) या डिस्नी चित्रपटातून. यादवी युद्धानंतरच्या जॉर्जियातील एका मळ्यावर अंकल रीमस हा वृद्ध कृष्णवर्णीय एका गोऱ्या मुलाला प्राण्यांच्या गोष्टी सांगतो. मळ्यावरचे जगणे गोडगुलाबी दाखवल्याबद्दल एनएएसीपी या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संस्थेने प्रदर्शनाच्या वेळीच आक्षेप घेतला होता. रीमसची भूमिका करणारे जेम्स बास्केट यांना १९४८ मध्ये विशेष ऑस्कर मिळाले. पण अटलांटात झालेल्या पहिल्या खेळाला त्यांना हजर राहता आले नव्हते, कारण शहरात वर्णभेदाचे कायदे होते. चित्रपट अमेरिकेत शेवटचा १९८६ मध्ये थिएटरांत लागला. व्हिडिओवर तो तिथे कधीच आला नाही. तीन वर्षांनी त्याच चित्रपटावर राइड उघडली, यावरून कंपनीने तेव्हाच हिशेब केला होता असे दिसते: रीमसचा पुतळा वगळला आणि मूळ गोष्टीत सशाला चिकटवून पकडणाऱ्या डांबराच्या बाहुलीऐवजी त्याला मधाच्या पोळ्यात अडकवले.

त्यामुळे झाले असे, की राइडवर जीव टाकणाऱ्या पिढीतल्या बहुतेकांनी मूळ चित्रपट पाहिलेलाच नव्हता. त्यांच्यासाठी ससा डोंगरातच राहत होता. “आम्हाला यात वंशभेद कधी दिसला नाही” हे त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. तो दिसू नये अशीच तर मांडणी होती.

गोष्टींची मालकी हा आणखी खोल पेच. जोएल चँडलर हॅरिस या गोऱ्या पत्रकाराने गुलामगिरीत राबलेल्या लोकांकडून ऐकून या कथा १८८० पासून पुस्तकरूपात आणल्या. हॅरिस यांच्याच इटन्टन गावच्या लेखिका अ‍ॅलिस वॉकर यांनी त्यांच्यावर आपला वारसा चोरल्याचा आरोप केला आहे. कथांची मुळे मुख्यतः आफ्रिकेत शोधली जातात. मात्र चिकट बाहुलीच्या कथेचा एक धागा भारतातही येतो. पंचावुध जातक या बौद्ध कथेत राजपुत्र एका चिकट केसांच्या यक्षावर एकेक शस्त्र टाकतो, मग हात, पाय, शेवटी डोके, आणि सगळेच चिकटून बसते. लोककथांचे संग्राहक जोसेफ जेकब्ज यांनी १८९२ मध्ये हे साम्य पुढे करून कथेचे मूळ भारतात असल्याचे मांडले. सर्वांना ते पटलेले नाही.

निर्णय आणि प्रतिक्रिया : जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीयाची पोलिसाच्या हातून हत्या होऊन महिना झाला असताना, २५ जून २०२० रोजी, कंपनीने बदलाची घोषणा केली. काम २०१९ पासून चालू असल्याचे तिने सांगितले, तरी वेळेमुळे अनेकांना ती घाईघाईची सारवासारव वाटली. बदल करा आणि करू नका अशा दोन्ही बाजूंच्या ऑनलाइन याचिका फिरल्या. विरोधकांत जुन्यावर प्रेम करणारे होते, तसे उघड द्वेष ओकणारेही होते, आणि पहिल्यांना दुसऱ्यांच्या पंगतीत बसवले गेल्याचा राग शेवटपर्यंत राहिला. बॅक्स्टर यांनी स्वतः बदलाला पाठिंबा दिल्याने ‘मूळ कर्त्याचा अपमान’ हा मुद्दा मात्र बराच लंगडा पडला. जानेवारी २०२३ मध्ये फ्लोरिडातली राइड बंद झाली, तेव्हा तिथले पाणी म्हणून भरलेल्या बरण्या आणि पिशव्या ईबेवर विक्रीला आल्या.

नवी राइड : ‘द प्रिन्सेस अँड द फ्रॉग’ (२००९) या चित्रपटाची नायिका टियाना ही डिस्नीची पहिली कृष्णवर्णीय राजकन्या. नव्या कथेत ती लुइझियानातील न्यू ऑर्लिन्स शहरात मार्डी ग्रास या उत्सवाच्या मेजवानीसाठी दलदलीत (म्हणजे ‘बायू’त) वादक शोधते, मामा ओडी ही जादूगार म्हातारी प्रवाशांना बेडकाएवढे लहान करते आणि त्याच कड्यावरून नाव कोसळते. पुतळ्यांच्या हालचालींतील सफाई, संगीत आणि सजावट यांची वाहवा झाली. तक्रार कथेबद्दल आहे. खलनायक नाही, धोका नाही, आणि मेजवानीला निघालेला माणूस ५० फूट का कोसळतो याला धड कारण नाही. ही तक्रार केवळ जुन्याचे रडगाणे म्हणून झटकता येत नाही. काटेरी झुडूप काढले की कडा नुसता कडा उरतो. डोंगराला मिठाच्या खाणीची जोडलेली कथाही पुष्कळांच्या गळी उतरली नाही. जागेचा वाद उद्यानागणिक वेगळा: कॅलिफोर्नियात शेजारीच १९६६ चा न्यू ऑर्लिन्स स्क्वेअर असल्याने लुइझियानाची दलदल शोभते, आणि त्या कोपऱ्याचे नावच आता बायू कंट्री झाले आहे. फ्लोरिडात मात्र ती काउबॉयांच्या फ्रंटियरलँडमध्ये, खाणीच्या आगगाडीच्या राइडशेजारी येऊन पडली आहे.

टोकियोत ससा अजून पळतो. ‘अमेरिका सिंग्ज’चेही सगळेच प्राणी डोंगरात गेले नव्हते. दोन हंसांची वरची कातडी उतरवून त्यांचे सांगाडे १९८७ मध्येच पलीकडच्या ‘स्टार टूर्स’ या अंतराळसफरीच्या राइडच्या रांगेत यंत्रमानव म्हणून बसवण्यात आले. आजही ते तिथे काम करताना दिसतात.