अकरा वर्षं आणि एक मयत: 'द हाइव्ह्ज'च्या अल्बममागची गोष्ट

११ ऑगस्ट २०२३ला 'द हाइव्ह्ज' या स्वीडिश गॅरेज पंक (रॉक संगीताचा रांगडा, वेगवान प्रकार) बँडचा 'द डेथ ऑफ रँडी फिट्झसिमन्स' हा अल्बम आला. १२ गाणी, जेमतेम अर्धा तास. त्याआधीचा 'लेक्स हाइव्ह्ज' २०१२चा, त्यामुळे 'पुनरागमन' हा शब्द आयताच हाताशी होता आणि तो मनसोक्त वापरला गेला. मला तो पटत नाही. बँड फुटला नव्हता, निवृत्तीही कोणी जाहीर केली नव्हती. मधल्या काळात ही मंडळी काळे-पांढरे सूट घालून कार्यक्रम करतच होती. २०१३मध्ये मूळ बास वाजवणारा तब्येतीमुळे बाहेर पडला, त्याच्या जागी दुसरा आला. २०१५ आणि २०१९मध्ये सुटी गाणी आली, २०२०मध्ये लाइव्ह अल्बम आला. घोडं अडलं होतं ते नव्या गाण्यांच्या अल्बमवर. आणि गाणी लिहायचं काम, बँडच्या म्हणण्यानुसार, त्यांचं नव्हतंच.

ते काम रँडीचं. १९९३च्या सुमारास फागेर्स्टा या पोलादाच्या कारखान्यावर वाढलेल्या छोट्या गावात पाच पोरांना एक पत्र आलं, अमुक वेळी अमुक ठिकाणी या, आणि तिथे रँडी फिट्झसिमन्स नावाच्या गृहस्थाने त्यांचा बँड उभा केला, अशी ही दंतकथा. तेव्हापासून गाण्यांच्या श्रेयात त्याचं नाव. मुलाखतींत त्याचा उल्लेख 'सहावा सदस्य' असा. फोटोत मात्र तो कधी नाही.

२०००च्या दशकात बँडला नाव मिळालं, तसं एका ब्रिटिश संगीत साप्ताहिकाने कागदपत्रं धुंडाळली. रँडी हे नोंदणी केलेलं टोपणनाव असून ते बँडच्या गिटारवादकाचं, म्हणजे गायकाच्या सख्ख्या भावाचं आहे, असं छापून आलं. बँडने साफ नाकारलं. आजही नाकारतात, तेही चेहऱ्यावरची रेष न हलवता. काहींना हा पोरखेळ वाटतो. पण व्यवहार म्हणून पाहा. पाच जणांच्या बँडमध्ये कोणती ओळ कुणाची, यावरून सहसा भांडण लागतं. इथे श्रेय कायम गैरहजर माणसाच्या खात्यात. कोणी कुणाला 'माझं गाणं' म्हणून दाखवायची सोयच नाही. पैशाची वाटणी आत कशी होते ते त्यांचं त्यांना ठाऊक.

तर २०२३मध्ये हा माणूस मारला गेला. फागेर्स्टाच्या स्थानिक वर्तमानपत्रात त्याच्या निधनाची छोटीशी बातमी आली, सोबत एक कविता होती. बँडने कबर शोधून उकरली. आत देह नव्हता. गाण्यांच्या टेप, नवे सूट आणि अल्बमचं नाव लिहिलेला कागद तेवढा निघाला. ही सगळी कथा अर्थात बँडनेच सांगितलेली. पण अकरा वर्षं अल्बम का नाही, या प्रश्नाला इतकं तयार उत्तर दुसरं सापडणं कठीण: लिहिणाराच बेपत्ता होता, आम्ही काय करणार?

आधीचा काळ थोडक्यात. गॅरेज म्हटलं की आपल्याला दुचाकी उघडून बसलेला मेकॅनिक दिसतो; इथलं गॅरेज म्हणजे अमेरिकन घराला लागून असलेली, गाडी ठेवायची खोली. १९६०च्या दशकात तिथे सराव करणाऱ्या पोरांच्या बँडना 'पंक' हे विशेषण १९७०च्या सुरुवातीलाच अमेरिकी समीक्षकांनी चिकटवलं होतं, कपड्यांना सेफ्टी पिना लावणारे लंडनमधले पंक नंतरचे. हाइव्ह्जचा पहिला अल्बम १९९७चा. दुसरा, 'वेनी विडी विशियस', २०००चा, आणि नाव झालं ते त्याच्यामुळे. त्यातही ब्रिटनमध्ये खरी हवा झाली २००१च्या संकलनाने. २००२ला अमेरिकेतल्या एका मोठ्या टीव्ही पुरस्कार सोहळ्यात त्यांना आणि एका ऑस्ट्रेलियन बँडला पाठोपाठ मंचावर उभं केलं गेलं. नावापुढे 'द' लावणाऱ्या बँडची ती लाट होती. लाट ओसरली, त्यातले कित्येक दिसेनासे झाले. हाइव्ह्जने २००४ आणि २००७ला अल्बम काढले. वेग मंदावत गेला तो तिथून.

२०२३च्या अल्बमवर काम केलं ते स्वीडिश पॉपमध्ये नाव कमावलेल्या निर्मात्याने, तरी आवाज गुळगुळीत झालेला नाही. पहिलं गाणं 'बोगस ऑपरँडाय' गिटारच्या एकाच जडशीळ तुकड्यावर उभं आहे. कार्यक्रमात माइकची वायर सोडवायला काळ्या कपड्यांतले, तोंड झाकलेले निन्जा धावत येतात, तेही पूर्वीसारखेच. त्या उन्हाळ्यात ब्रिटनमधल्या स्टेडियममध्ये हे लोक आपल्यापेक्षा तरुण, पण कितीतरी मोठ्या झालेल्या बँडच्या आधी वाजवत होते.

पुढचा अल्बम ऑगस्ट २०२५मध्ये आला. मध्ये फक्त दोन वर्षं गेली, आणि कुणाचं मयत काढावं लागलं नाही.