बास गिटारला खोबरेल चोळू नका

ऑइल फिनिशची (म्हणजे वार्निशऐवजी लाकडात तेल मुरवलेली) बास गिटार कोरडी पडली की घरातलं कोणतंही तेल चोळावं, खोबरेल नाहीतर शेंगदाण्याचं, असं आपल्या मराठवाड्यात अजूनही सांगितलं जातं. कृपा करून तसं करू नका. ही तेलं वाळतच नाहीत. लाकूड चिकट राहतं आणि उन्हाळ्यातली सगळी धूळ धरून ठेवतं.

फिनिशला वाळणारं तेल लागतं: टंग (टंग झाडाच्या बियांचं), किंवा आपलं जवसाचं. ते हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं. मात्र चटणीच्या जवसाचं कच्चं तेल वाळायला कित्येक दिवस घेतं. रंगाच्या दुकानातल्या ‘बॉइल्ड’ जवस तेलात ड्रायर (तेल लवकर वाळवणारी रसायनं) असतात, म्हणून ते लवकर वाळतं. (ते खायचं नाही!)

तारा काढा, घट्ट पिळलेल्या फडक्यानं मळ पुसा, लाकूड वाळू द्या. ०००० नंबरचं स्टील वूल (पोलादाच्या अगदी बारीक तारांचा घासायचा बोळा) फिरवण्याआधी पिकअप (तारांखालचे, आवाज पकडणारे चुंबकी भाग) टेपनं झाका, नाहीतर लोखंडी चुरा चुंबकाला चिकटतो. तेलाचा पातळ हात द्या आणि १५ मिनिटांनी जादाचं सगळं पुसून काढा.

तेलाचं फडकं बोळा करून कधीच टाकू नका. जवसाचं तेल वाळताना तापतं, बोळा आपोआप पेटू शकतो. फडकं पाण्यात बुडवा, किंवा बाहेर मोकळं पसरून वाळवा.