श्वासनलिका-रोधन (फुफ्फुसाच्या चिवट वायुगळतीवरील उपचार)

फुफ्फुसाला पडलेले छिद्र बरेच दिवस बुजत नसेल, तर त्या भागाकडे हवा नेणारी श्वासनलिकेची फांदी दुर्बिणीतून आत जाऊन बंद करण्याची पद्धत. छिद्राला येथे हातही लागत नाही. त्याच्याकडे येणारी हवा अडवली जाते आणि विश्रांती मिळालेले फुफ्फुस आपले आपण भरून येते.

छिद्रातून सुटलेली हवा फुफ्फुस आणि छातीची भिंत यांच्यामधील पोकळीत साठते व फुफ्फुस दबते. म्हणून छातीत नळी घालून तिचे दुसरे टोक बाटलीतील पाण्याखाली ठेवतात. रुग्ण श्वास सोडतो किंवा खोकतो तेव्हा पाण्यात बुडबुडे येतात. गळती बहुधा काही दिवसांत थांबते. फुफ्फुसावरील शस्त्रक्रियेनंतर ती 5 दिवसांपलीकडे चालू राहिली, तर तिला साधारणपणे चिवट म्हणतात. वातस्फीती (एम्फिसीमा, म्हणजे फुफ्फुसातील हवेच्या सूक्ष्म पिशव्यांच्या भिंती नष्ट होण्याचा आजार) आणि न्यूमोनियाने सडलेला फुफ्फुसाचा भाग ही इतर कारणे, आणि भारतात क्षयरोग विसरून चालत नाही. अशा रुग्णांची फुफ्फुसे मुळातच इतकी दुबळी असतात की छिद्र शिवण्यासाठी पुन्हा भूल देऊन छाती उघडणे अनेकदा धोक्याचे ठरते. या उपचाराची खरी गरज त्यांनाच असते.

नलिका बंद करण्यापेक्षा नेमकी कोणती नलिका बंद करायची, हे शोधणे अवघड. छिद्र दुर्बिणीतून दिसत नाही. ते असते फुफ्फुसाच्या पृष्ठभागावर, दुर्बीण पोहोचते त्याच्या कितीतरी पलीकडे. म्हणून दुर्बिणीतून छोटा फुगा आत नेऊन एकेक फांदी क्षणभर बंद करतात आणि सगळ्यांचे लक्ष बाटलीकडे लागते. बुडबुडे थांबले की वाट सापडली. आधी मोठी फांदी, मग तिच्या उपफांद्या, असे करत जागा पक्की होते. कित्येकदा मात्र बुडबुडे फक्त कमी होतात. फुफ्फुसातील शेजारच्या भागांमध्ये सूक्ष्म आडवाटा असतात आणि हवा त्यांतून वळसा घालून छिद्रापर्यंत पोहोचते. मग एकाऐवजी अनेक फांद्या बंद कराव्या लागतात.

बुचासाठी आजवर नाना पदार्थ वापरले गेले. 1977 च्या सुमारास शिशाचे तुकडे आणि सायनोअ‍ॅक्रिलेट गोंद यांचे प्रयोग प्रसिद्ध झाले. फायब्रिनचा (रक्ताची गुठळी बनवणाऱ्या प्रथिनाचा) गोंदही वापरात आला. जपानमधील ओकायामा येथील डॉ. योइची वातानाबे यांनी खास याच कामासाठी सिलिकॉनचे बूच घडवले. ते 5, 6 आणि 7 मिलिमीटर अशा मापांत मिळते. त्याच्या अंगावरच्या बारीक उंचवट्यांमुळे ते नलिकेत रुतून बसते. दुसरा मार्ग एकदिशा झडपेचा. ती आत जाणारी हवा अडवते, पण कफ व कोंडलेली हवा बाहेर येऊ देते. कफ साचून जंतुसंसर्ग होण्याची भीती बुचात असते, म्हणून हा फरक महत्त्वाचा. शस्त्रक्रियेनंतरच्या दीर्घ गळतीसाठी अशा एका झडपेला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2008 मध्ये मानवतावादी सवलतीखाली (मोजक्या रुग्णांना लागणाऱ्या उपकरणांसाठीच्या सवलतीखाली) मान्यता दिली. 2009 मध्ये झडप बसवलेल्या 40 रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध झाला. त्यांपैकी 19 जणांची गळती पूर्ण थांबली, 18 जणांची कमी झाली. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, त्यामुळे हे आकडे आशादायक असले तरी निर्णायक नाहीत.

बूच किंवा झडप जागची हलू शकते, खोकल्याबरोबर बाहेरही येऊ शकते. बंद केलेला भाग श्वसनातून बाद होत असल्याने रक्तातील ऑक्सिजन घटू शकतो. म्हणून शक्य तितकी लहान फांदी निवडणेच शहाणपणाचे. शस्त्रक्रियेत कापलेल्या मुख्य नलिकेचे टोकच उसवले असेल, तर बूच बसवायला पुढे फांदीच उरत नाही. तिथे बहुधा शल्यचिकित्सकाचाच आधार. गळती थांबली की आधी छातीतील नळी निघते. झडपा साधारण सहा आठवड्यांनी, छिद्र भरल्यावर, त्याच दुर्बिणीतून काढून घेतात.