बडोद्यात मेळ्याची परवानगी: अर्ज अडतो तो आपत्कालीन आराखड्यावर

आनंदमेळा असो वा गरबा, मैदानावर लोक जमवायचे तर पोलिसांची परवानगी काढावी लागते. मैदानाची भाडेपावती, फायरची एनओसी, एमजीव्हीसीएल या वीज कंपनीच्या हंगामी जोडणीचा कागद, अर्जदाराचं आधार, ट्रस्ट असेल तर नोंदणीचा दाखला आणि ठराव, एवढं बहुतेक मंडळांकडे असतं. गाडी अडते ती आपत्कालीन आराखड्यावर.

आराखडा म्हणून काय जोडतात? अध्यक्ष, सचिव आणि खजिनदार यांचे मोबाइल नंबर. दांडिया बाजाराकडच्या एका मंडळाचा असाच कागद मी पाहिला. तिघंही त्या संध्याकाळी पाहुण्यांबरोबर स्टेजवर बसणार होते. ढोलाच्या आवाजात फोन वाजलेला कळेल तरी का? ‘माइक कोणाच्या हातात?’ असं पोलिसांनी विचारल्यावर कुणाकडेच उत्तर नव्हतं. अर्ज परत आला, आठ दिवस गेले. काय कमी आहे ते पहिल्याच फेरीत का सांगत नाहीत, याचा मला खरंच राग येतो.

पण प्रश्न रास्त होता. १८ जानेवारी २०२४ रोजी हरणी तलावात सहलीची बोट उलटून १२ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या. त्यानंतर या शहरात असा कागद नुसता जोडण्यापुरता जोडू नये.

सूचना देणारा एकच माणूस ठरवा, त्याच्या बदलीचाही, आणि दोघांची नावं लिहा. त्याने कार्यक्रमभर माइकपाशीच बसायचं. १०८ आणि १०१ ला फोन करणारा वेगळा. जनरेटर बंद पडला की साउंडही जातो, म्हणून प्रत्येक फाटकावर सेलवरचा भोंगा हवा. सूचनेचे शब्द गुजराती, हिंदी आणि मराठीत आधीच लिहून जोडा. नुसतं ‘घाबरू नका’ ऐकून माणसाला कुठे जायचं ते कळत नाही. ‘पाण्याच्या टाकीकडच्या फाटकातून बाहेर पडा, पळू नका’ असं लिहा. ‘गेट नंबर तीन’ म्हणू नका, तो नंबर फक्त तुम्हाला ठाऊक असतो. चुकलेल्या मुलांचं टेबल नकाशावर दाखवा. जखमींची नावं किंवा आकडा माइकवर वा व्हॉट्सअॅपवर मंडळाने सांगायचा नाही, ते पोलीस आणि रुग्णालय सांगतील. एका चुकीच्या नावाने एखाद्या घरात काय होतं, याचा विचार करा.

वेळेतही फसगत होते. ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद. १२ पर्यंतची सूट वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस, तेही राज्य सरकार ठरवेल तेच. तुमची तारीख त्यात आहे का, ते बघूनच अर्जात वेळ लिहा. मात्र सार्वजनिक आपत्तीत सूचना देण्याला ही बंदी लागू नाही, आणि हे फार थोड्यांना माहीत असतं. दहा वाजले की साउंडवाला वायरी गुंडाळायला लागतो, नेमकी तेव्हाच सगळी गर्दी फाटकाशी असते. गाणी थांबवा, पण मैदान रिकामं होईपर्यंत माइक काढू देऊ नका, आणि हेही आराखड्यात लिहा.